‘टेम्प्टेशन्स’ गायकमंडळीचे पुनर्मीलन : सन १९८२ चा दौरा

अमेरिकेतील डेट्रॉइट नगरात १९६० नंतरच्या दशकात ज्या कृष्णवर्णीय गायकमंडळ्या उदयास आल्या, त्यांत ‘द टेम्प्टेशन्स’ या पाच जणांच्या मंडळीचे स्थान अग्रगण्य मानले जाते. १९६८ ते १९७१ या काळात तिचे तीन प्रमुख गायक एकामागून एक बाहेर पडले. १९८२ साली त्यांपैकी दोघे परत आले, सात जणांनी मिळून एक ध्वनिमुद्रिका काढली आणि नगरोनगरी दौरा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस दौरा संपला व परत आलेले दोघे पुन्हा बाहेर पडले. हकीकत एवढीच आहे. ‘सोल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताच्या इतिहासांत तिला बहुधा चार-सहा ओळींहून अधिक जागा मिळत नाही. आणि ज्या ओळी मिळतात त्यांत दोष कोणाचा याचा निकाल आधीच लागून गेलेला असतो. हा निकाल कोणत्या पुराव्यावर लागला, आणि फुटलेली मंडळी एकत्र येते तेव्हा नेमके काय एकत्र येते, या दोन प्रश्नांचा विचार मात्र सहसा झालेला दिसत नाही.

मंडळीचा उगम दोन लहान मंडळ्यांच्या मिलाफात आहे. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथून उत्तरेकडे आलेले एडी केंड्रिक्स व पॉल विल्यम्स हे ‘प्राइम्स’ नावाच्या मंडळीत गात असत. ओटिस विल्यम्स, मेल्व्हिन फ्रँकलिन व एल्ब्रिज ब्रायंट हे डेट्रॉइटमधील ‘डिस्टंट्स’ या मंडळीतील होते. ओटिस व पॉल यांचे आडनाव एक असले तरी त्यांच्यात नाते नव्हते. हे पाच जण एकत्र आले आणि १९६१ साली बेरी गॉर्डी यांच्या मोटाउन या संस्थेशी करारबद्ध होताना त्यांनी ‘टेम्प्टेशन्स’ हे नाव धारण केले. ओटिस विल्यम्स यांचा जन्म टेक्सास राज्यातील टेक्सारकाना येथला, फ्रँकलिन अलाबामातील माँटगमरीचे, आणि १९६४ च्या प्रारंभी ब्रायंट यांच्या जागी आलेले डेव्हिड रफिन हे मिसिसिपी राज्यातील. म्हणजे डेट्रॉइटचा आवाज म्हणून जो जगभर ओळखला गेला, तो वस्तुतः दक्षिणेकडील आवाज होता. कापसाच्या प्रदेशातून मोटारींच्या कारखान्यांकडे कृष्णवर्णीयांचे जे प्रचंड स्थलांतर विसाव्या शतकात झाले, त्याबरोबर चर्चमधील सामुदायिक गायनाची रीतही उत्तरेस गेली. एकाने सांगावे व इतरांनी त्यास होकार द्यावा, ही ती रीत. आपल्याकडे पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे राहतात, त्यावरून तिची थोडीफार कल्पना येईल. मात्र एक मोठा भेद ध्यानात ठेवावा लागतो. टेम्प्टेशन्समध्ये झीलकरी आणि शाहीर ही पदे कायमची वाटून दिलेली नव्हती.

हा मुद्दा पुढील सर्व घटनांच्या मुळाशी असल्याने त्याचा थोडा विस्तार केला पाहिजे. पाच जणांच्या या रचनेत फ्रँकलिन यांचा खोल खर्ज हा पाया होता. केंड्रिक्स यांचा स्वर याच्या दुसऱ्या टोकाला, नैसर्गिक आवाजाच्या वर जाऊन हलकेच तरंगणारा. पॉल विल्यम्स यांचा मधल्या पट्टीतील भरीव, काहीसा काळोखा आवाज हा आरंभीच्या वर्षांत मंडळीचा मुख्य आधार होता, आणि मंचावरील पदन्यासाची पहिली आखणीही त्यांचीच. ओटिस विल्यम्स क्वचितच पुढे होऊन गात. ते मध्ये राहून स्वर सांधीत आणि मंडळीचा कारभार पाहत. रफिन आले ते खरबरीत, आर्त, चर्चच्या प्रवचनपीठावरून आल्यासारखा आवाज घेऊन. पहिली तीन वर्षे मंडळीला नाव घेण्यासारखे यश नव्हते. १९६४ साली केंड्रिक्स यांनी पुढे होऊन गायिलेल्या ‘द वे यू डू द थिंग्ज यू डू’ या गीताने ते मिळाले. पाठोपाठ स्मोकी रॉबिन्सन व रोनाल्ड व्हाइट यांनी रफिन यांच्या आवाजासाठी रचलेले ‘माय गर्ल’ मार्च १९६५ मध्ये देशाच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढे नॉर्मन व्हिटफील्ड या निर्मात्याने ‘एंट टू प्राउड टु बेग’ हे गीत रफिन यांच्या सोयीच्या पट्टीहून वर बांधले. हेतू असा की, आवाजाला ताण पडावा आणि त्या ताणातून याचना ऐकू यावी. योजना सफळ झाली. पण आवाज हे शरीर आहे, आणि शरीरावर बसवलेला ताण पंधरा-वीस वर्षांनंतर आपला हिशेब मागतो, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते.

मोटाउन ही संस्था गॉर्डी यांनी १९५९ साली कुटुंबाच्या निधीतून आठशे डॉलर कर्ज घेऊन उभी केली, आणि तिचे कामकाज वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात चाले. कलावंतांनी कसे उभे राहावे, कसे बोलावे, याचे शिक्षण तेथे मॅक्सीन पॉवेल देत. नृत्ये चॉली ॲटकिन्स बसवीत. गायन व वाद्यमेळाची तालीम मॉरिस किंग घेत. या शिस्तीमागे केवळ व्यापार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या देशाच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय श्रोत्यांना त्या काळी नाट्यगृहात वेगळे बसविले जाई, तेथे एकसारखा पोशाख केलेले पाच तरुण एका लयीत वळतात, या दृश्याला स्वतंत्र अर्थ होता. तो अर्थ पाच या संख्येत व त्यांच्या एकजिनसीपणात सामावलेला होता. म्हणूनच त्यांपैकी एक जण इतरांहून उंच दिसू लागला, तेव्हा तो केवळ मानापमानाचा प्रश्न राहिला नाही.

१९६७ पर्यंत रफिन हे मंडळीचे मुख्य गायक म्हणून सर्वत्र ओळखले जाऊ लागले. मोटाउनने ‘सुप्रीम्स’ या स्त्रीमंडळीच्या नावापुढे डायना रॉस यांचे नाव त्याच वर्षी जोडले होते. तसेच आपल्याबाबत व्हावे अशी रफिन यांची मागणी असल्याचे सांगितले जाते. त्यांचा प्रवास वेगळ्या मोटारीतून होऊ लागला, तालमी व प्रयोग चुकू लागले, मादक द्रव्यांचे सेवन वाढले. जून १९६८ मध्ये इतर चौघांनी त्यांना मंडळीतून काढून टाकले व त्यांच्या जागी ‘काँटूर्स’ या मंडळीतील डेनिस एडवर्ड्स यांना घेतले. त्यानंतरचा प्रकार विलक्षण आहे. रफिन हे मंडळीच्या प्रयोगांना जात, एडवर्ड्स गात असताना अचानक मंचावर चढत, ध्वनिक्षेपक हाती घेत व श्रोत्यांच्या जयघोषात आपले जुने गीत गात. ओटिस विल्यम्स यांनी लिहिले आहे की, या आग्रहापुढे नमून रफिन यांना परत घेण्याचे एकदा ठरलेही होते. परंतु ठरल्या वेळी ते आले नाहीत आणि तो विचार कायमचा मागे पडला. हा कायमचा म्हटलेला काळ चौदा वर्षांचा ठरला. १९८२ च्या दौऱ्याचे बीज या प्रसंगात आहे असे मानावयास जागा आहे. काढून टाकलेला गायक मंचावर आला की श्रोते आनंदाने उठून उभे राहतात, ही गोष्ट मंडळीने, संस्थेने आणि स्वतः रफिन यांनी तेव्हाच पाहिली होती. श्रोत्यांच्या आठवणीला मंडळीचे निर्णय मान्य नव्हते.

एडवर्ड्स यांच्या आगमनाबरोबर मंडळीचे गायनही पालटले. व्हिटफील्ड यांनी आता एका आवाजाऐवजी पाचही आवाज आळीपाळीने पुढे आणणारी, रस्त्यावरील अशांततेचे पडसाद उमटविणारी गीते बसविली. डेट्रॉइटमध्ये जुलै १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे मृत्युमुखी पडली होती, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे. ‘क्लाउड नाइन’ने मोटाउनला पहिले ग्रॅमी पारितोषिक मिळवून दिले. केंड्रिक्स यांना मात्र हा नवा मार्ग रुचला नाही. त्यांना जुनी कोमल गीते हवी होती, आणि योगायोग असा की, तशाच एका गीताने, ‘जस्ट माय इमॅजिनेशन’ने, १९७१ च्या वसंतात पहिला क्रमांक मिळविला, तेव्हा ते मंडळीतून बाहेर पडलेले होते. त्याच वर्षी पॉल विल्यम्सही निवृत्त झाले. रक्तातील सिकल पेशींचा विकार व मद्यपान यांनी ते इतके खंगले होते की, अखेरच्या काळात मंचावर ते केवळ नाचत आणि त्यांचे गाणे पडद्याआडून रिचर्ड स्ट्रीट गात असत. स्ट्रीट हेच पुढे त्यांच्या जागी आले. १७ ऑगस्ट १९७३ रोजी पॉल विल्यम्स यांचा डेट्रॉइट येथे बंदुकीच्या गोळीने मृत्यू झाला. अधिकाऱ्यांनी ती आत्महत्या ठरविली. त्यांचे वय ३४ होते.

यावरून एक गोष्ट उघड होते आणि ती १९८२ च्या जाहिरातींत कोठेही लिहिलेली असणे शक्य नव्हते. १९६४ ते १९६८ या काळातील ज्या पाच जणांची श्रोत्यांना ओढ होती, त्या पाच जणांचे पुनर्मीलन १९७३ नंतर अशक्य झाले होते. जे होऊ शकत होते ते निराळेच काही होते.

मधल्या दशकाचा तपशील येथे थोडक्यात सांगणे पुरे. रफिन यांचे एकल गीत १९६९ मध्ये गाजले, आणि १९७५ मध्ये ‘वॉक अवे फ्रॉम लव्ह’. केंड्रिक्स यांच्या ‘कीप ऑन ट्रकिन’ला १९७३ मध्ये पहिला क्रमांक लाभला. मंडळीने १९७२ मध्ये ‘पापा वॉज अ रोलिन स्टोन’ हे आपले अखेरचे मोठे शिखर गाठले. त्याच वर्षी मोटाउनने डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिस गाठले. पुढे मंडळी दुसऱ्या संस्थेकडे गेली, एडवर्ड्स निघाले, परतले, आणि १९८० मध्ये मंडळीही मोटाउनकडे परतली. तिघांचेही यश तोवर ओसरले होते. रफिन व्यसनात अधिक रुतले होते, आणि अखंड धूम्रपानाने केंड्रिक्स यांच्या वरच्या पट्टीतील स्वराचा रेशमीपणा विरत चालला होता.

अशा स्थितीत पुनर्मीलनाची कल्पना पुढे आली. तिच्यामागे संस्थेचा हिशेब होता हे उघड आहे, पण एक सांगीतिक निमित्तही होते. मोटाउनचा त्या वेळचा सर्वांत तेजीतला कलावंत रिक जेम्स याच्या १९८१ मधील ‘सुपर फ्रीक’ या गीतात टेम्प्टेशन्स मंडळींनी मागील सूर दिला होता. ज्या मंडळीमागे एके काळी साऱ्या देशातील तरुणांनी मनातल्या मनात झील धरली, ती आता एका तरुणाच्या मागे झील धरून उभी होती. हे दृश्य कोणाला मानहानीचे वाटेल, पण संस्थेने त्यातून निराळा अर्थ काढला. जेम्स यांच्याकडे पुनर्मीलनाच्या मुद्रिकेतील प्रमुख गीताची रचना व निर्मिती सोपविण्यात आली. ‘रीयुनियन’ हीच संज्ञा शीर्षक म्हणून धारण करणारी ही मुद्रिका १९८२ च्या वसंतात प्रसिद्ध झाली. ओटिस विल्यम्स, फ्रँकलिन, स्ट्रीट, एडवर्ड्स व ग्लेन लिओनार्ड या तत्कालीन पाच जणांना केंड्रिक्स व रफिन येऊन मिळाले होते. ‘स्टँडिंग ऑन द टॉप’ हे तिच्यातील गीत कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. सर्वसाधारण यादीत मात्र ते ६६ व्या क्रमांकापुढे गेले नाही. या दोन आकड्यांतील अंतर पुष्कळ सांगून जाते. आपल्या समाजाने मंडळीला परत आपलेसे केले; ज्या सर्वव्यापी श्रोतृवर्गाने १९६५ मध्ये तिला डोक्यावर घेतले होते, त्याला नव्या गाण्यात स्वारस्य नव्हते.

त्या वर्गाला स्वारस्य कशात होते, याचा पुरावा लवकरच मिळाला. १९८३ च्या शरद ऋतूत प्रदर्शित झालेल्या ‘द बिग चिल’ या चित्रपटात तिशी ओलांडलेले काही मित्र एका अंत्यविधीसाठी एकत्र येतात. त्याच्या गीतसंग्रहात ‘माय गर्ल’ व ‘एंट टू प्राउड टु बेग’ ही दोन्ही गीते होती, आणि तो संग्रह भरपूर खपला. लोकांना रफिन यांचा १९६५ मधील आवाज हवा होता, १९८२ मधील नव्हे. मुद्रिकेतील गीते मंडळीसाठी नवी होती, आणि दौऱ्याला येणारे श्रोते जुनी गीते ऐकण्यासाठी येत होते. म्हणजे एकाच वर्षी मुद्रणालयात मंडळीला नवे व्हावे लागत होते आणि मंचावर जुने राहावे लागत होते.

दौऱ्याच्या अडचणींची कारणे सांगताना व्यसन व प्रकृती यांचाच उल्लेख सामान्यतः होतो. ती खरीच आहेत. ओटिस विल्यम्स यांच्या कथनानुसार रफिन अनेक प्रयोगांना आलेच नाहीत, आणि त्यापायी मंडळीला आर्थिक भुर्दंड सोसावा लागला. केंड्रिक्स यांचा आवाज रात्रीमागून रात्र गाण्याच्या कामी पुरा पडेना. तथापि या कारणांहून अधिक मुळाशी रचनेचा दोष होता, असे दिसते. वर वर्णिलेली पाच स्थाने डोळ्यांसमोर आणावीत. खरबरीत, आर्जवी मुख्य स्वराच्या जागेवर आता रफिन व एडवर्ड्स असे दोघे होते. उंच तरल स्वराच्या जागेवर केंड्रिक्स व लिओनार्ड असे दोघे. त्यातही विशेष हे की, लिओनार्ड हे १९७५ पासून ते स्थान सांभाळीत होते. केंड्रिक्स यांच्या परत येण्याने त्यांची सात वर्षांची सेवा एका रात्रीत प्रतिनिधीची ठरली. जेथे खरोखरच उणीव होती, त्या पॉल विल्यम्स यांच्या जागी मात्र परत येणारे कोणी नव्हते. तेथे स्ट्रीट एकटेच होते, आणि त्यांनी तर ती जागा मूळ गायक हयात असतानाच पडद्याआडून भरली होती. नाटकमंडळ्या फुटल्याचा व जुळल्याचा इतिहास ज्यांना परिचित आहे, त्यांना हे सांगावयास नको की, एका भूमिकेवर दोन वारस उभे राहिले म्हणजे प्रेक्षकांना दुप्पट आनंद होत नाही.

या दृष्टीने पाहता एडवर्ड्स यांच्या वाट्याला आलेला भाग विशेष विचारार्ह आहे. चौदा वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांच्या हातून ध्वनिक्षेपक हिसकावून घेतला होता, तेच आता करारपत्रानिशी शेजारी उभे होते. मंडळीच्या उत्तरकाळातील बहुतेक सर्व कीर्ती एडवर्ड्स यांच्या कंठावर उभारलेली होती, पण दौऱ्याच्या कल्पनेत त्या काळाला फारसे महत्त्व नव्हते. पुनर्मीलन हा शब्दच मुळी असे गृहीत धरतो की, मधला काळ ही एक खंडित अवस्था होती. जे त्या मधल्या काळात टिकून राहिले, रोज गायिले, त्यांच्या बाजूने या शब्दात काहीच नाही. श्रोत्यांनी एखाद्या मंडळीवर प्रेम करावे आणि तीत नंतर काम करणाऱ्यांना पाहुणे समजावे, हा अन्याय जाणूनबुजून केलेला नसतो, म्हणून त्याची दादही मागता येत नाही.

१९८२ च्या नोव्हेंबरात दौरा आटोपला. रफिन व केंड्रिक्स यांचे सहकार्य पुढे चालविण्यात आले नाही. पुढील वर्षी लिओनार्डही गेले व त्यांच्या जागी रॉन टायसन आले. मार्च १९८३ मध्ये मोटाउनच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्याचे चित्रण झाले. त्यात टेम्प्टेशन्स व ‘फोर टॉप्स’ या दोन मंडळ्यांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांची गीते गायिली, आणि हा प्रकार इतका रुचला की, दोघींनी पुढे एकत्र दौरे केले. ‘फोर टॉप्स’चे उदाहरण येथे नजरेआड करता येत नाही. त्याच नगरातील, त्याच संस्थेत गाजलेले हे चौघे १९५० नंतरच्या दशकात एकत्र आले, आणि लॉरेन्स पेटन यांच्या १९९७ मधील मृत्यूपर्यंत त्यांच्यात एकही बदल झाला नाही. त्यांच्यात लेव्ही स्टब्स यांचा मुख्य स्वर पहिल्यापासून निर्विवाद होता. पुढील स्थान कोणाचे हा प्रश्नच नसल्याने तो सोडविण्याची वेळही आली नाही. टेम्प्टेशन्सचे सांगीतिक वैभव ज्या गोष्टीत होते, म्हणजे कोणीही पुढे येऊ शकतो यात, तीच गोष्ट त्यांच्या संसाराला बाधक ठरली.

परत गेलेल्या दोघांना मात्र १९८२ मधील अपयशाने एकमेकांची सोबत मिळवून दिली. मे १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील नूतनीकृत अपोलो नाट्यगृहात डॅरिल हॉल व जॉन ओट्स या श्वेतवर्णीय गायकद्वयाने, जे लहानपणापासून टेम्प्टेशन्सचे भक्त होते, रफिन व केंड्रिक्स यांना आपल्याबरोबर मंचावर आणले. १३ जुलै रोजी फिलाडेल्फिया येथे ‘लाइव्ह एड’च्या प्रचंड समुदायापुढे चौघे पुन्हा गायिले. या कार्यक्रमांना कोणी पुनर्मीलन म्हटले नाही आणि कदाचित त्यामुळेच ते साधले. तेथे कोणाची जागा अडत नव्हती. पुढे एडवर्ड्स हेही या दोघांना येऊन मिळाले, व मंडळीचे तीन माजी मुख्य गायक म्हणून तिघे दौरे करू लागले. एकाच जागेवरचे दोन वारस मंडळीबाहेर मित्र म्हणून गाऊ शकले, ही घटना वरील रचनाविषयक अनुमानाला पोषक आहे.

जानेवारी १९८९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मंडळीचा समावेश झाला. त्या वेळी सहा नावे घेण्यात आली. पॉल विल्यम्स यांचे मरणोत्तर. १ जून १९९१ रोजी इंग्लंडच्या दौऱ्याहून परतल्यावर फिलाडेल्फिया येथे रफिन यांचा कोकेनच्या अतिसेवनाने मृत्यू झाला. ५ ऑक्टोबर १९९२ रोजी केंड्रिक्स फुप्फुसाच्या कर्करोगाने बर्मिंगहॅम येथे वारले. ज्या नगरातून ते गात निघाले होते, तेथेच. २३ फेब्रुवारी १९९५ रोजी फ्रँकलिन गेले.

अन्य मंडळ्यांचा अनुभव पाहता १९८२ चा प्रयत्न निदान प्रामाणिक होता, असे म्हणावे लागते. प्राइम्सची भगिनीमंडळी म्हणून आरंभी ‘प्राइमेट्स’ हे नाव घेतलेल्या सुप्रीम्सचा दौरा २००० साली जाहीर झाला, तेव्हा डायना रॉस यांच्यासमवेत ज्या दोन गायिका होत्या, त्या सुप्रीम्सच्या उत्तरकालीन सदस्या असल्या तरी रॉस यांच्याबरोबर त्या मंडळीत कधीच गायिल्या नव्हत्या. मेरी विल्सन व सिंडी बर्डसाँग यांच्याशी बोलणी फिसकटली होती. प्रवेशपत्रांचे दर २५० डॉलरपर्यंत होते. जून महिन्यात सुरू झालेला दौरा जुलैमध्ये रद्द झाला. जे कधी एकत्र नव्हते त्यांचे पुनर्मीलन, हा तर्कशास्त्रातील एक मौजेचा प्रश्न ठरेल.

आता पुराव्याविषयी. १९८२ च्या दौऱ्याचे जे वर्णन सर्वत्र आढळते, त्याचा मुख्य आधार ओटिस विल्यम्स यांचे १९८८ मधील आत्मकथन हा आहे. ते पुस्तक मोलाचे आहे. त्यात मंडळीच्या हिशेबाची, तालमींची, प्रवासाची माहिती आहे, आणि स्वतःच्या चुका कबूल करण्याचे धैर्यही आहे. परंतु ते कारभाऱ्याने लिहिलेले आहे, हे विसरता कामा नये. मंडळीत जो उपस्थिती मोजतो, त्याच्या लेखी अनुपस्थिती हा सर्वांत मोठा अपराध असतो. रफिन यांनी आत्मकथन लिहिले नाही, केंड्रिक्स यांनीही नाही. त्यांची बाजू विखुरलेल्या मुलाखतींतून आणि, असे म्हणता येईल की, त्यांच्या गाण्यातून शोधावी लागते. आणि गाणे हा न्यायालयात चालणारा पुरावा नव्हे. ज्या तऱ्हेने मोटाउनमध्ये पैशाचा व श्रेयाचा हिशेब होत असे, त्याविषयी रफिन यांनी १९६८ पूर्वीच प्रश्न उपस्थित केले होते. ते प्रश्न विचारणारा माणूस बेभरवशाचा होता, एवढ्याने प्रश्न खोटे ठरत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य केल्यावाचून या माणसाविषयी न्यायाने लिहिता येणार नाही.

पुस्तकाच्या आधारे १९९८ साली दूरचित्रवाणीवर एक मालिका प्रक्षेपित झाली व ती पुष्कळ पाहिली गेली. तीत रफिन यांचे व त्यांच्या अंताचे जे चित्र उभे केले गेले, त्याविरुद्ध त्यांच्या कुटुंबीयांनी, तसेच इतर संबंधितांनीही न्यायालयात धाव घेतली. मिशिगनमधील संघीय न्यायालयाने २००० मध्ये, व अपील न्यायालयाने २००१ मध्ये, निकाल निर्मात्यांच्या बाजूने दिला. मृत व्यक्तीच्या जीवनकथेवर तिच्या वारसांचा तसा अधिकार चालत नाही, असा त्याचा मथितार्थ. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय रास्त आहे. इतिहासलेखन अन्यथा चालणारच नाही. मात्र त्याचा परिणाम असा झाला की, जे लोक रफिन यांना आज ओळखतात, त्यांपैकी पुष्कळ जण त्यांना एका नटाच्या चेहऱ्याने ओळखतात.

नावाचाही वाद झाला. ओटिस विल्यम्स व फ्रँकलिन यांनी मंडळीचे नाव आपल्याकडे राखले होते. फ्रँकलिन यांच्या पश्चात ते एकट्या विल्यम्स यांच्याकडे राहिले. एडवर्ड्स यांनी स्वतःची मंडळी काढून त्याच नावाचा उपयोग चालविला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर ‘द टेम्प्टेशन्स रिव्ह्यू’ अशा विस्तारित नावाने, त्यापुढे स्वतःचे नाव जोडून, गाण्यावर त्यांना समाधान मानावे लागले. १ फेब्रुवारी २०१८ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी मार्चमध्ये ओटिस विल्यम्स यांच्या कथनावर आधारलेले संगीतनाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. त्या वेळी १९६४ च्या पाच जणांपैकी ते एकटेच हयात होते. नाटकातही निवेदकाची भूमिका त्यांचीच आहे, आणि बाकीचे चौघे त्यांच्या स्मरणातून एकामागून एक मंचावर येतात, गातात आणि जातात.